थिऑलॉजीचा तास आवडणार असेल, तर जरूर जा

पत्र आलंय सांगलीहून. लिहिणारी मुलगी अकरावी सायन्सला आहे. पत्र बरंच मोठं आहे, त्यातला आवश्यक तेवढा भाग इथे देते.

‘ताई, माझी मावसबहीण बोस्टनजवळ राहते. तिने मला वूस्टर गावातल्या ‘कॉलेज ऑफ द होली क्रॉस’बद्दल सांगितलं. तिथे बायोलॉजीबरोबर इतिहास आणि लॅटिनही शिकता येतं, हे वाचल्यापासून दुसरं काही सुचत नाही. पण ते कॅथलिक कॉलेज आहे. आई म्हणते, धर्म बदलायला लावतील. बाबांची मार्केट यार्डात हळदीची अडत आहे. ते म्हणतात, एवढा पैसा घालून शेवटी बीएच होणार ना? आणि तेही पाद्र्यांच्या कॉलेजात? आमचं घर वारकरी आहे. आजी दरवर्षी वारीला जाते. तिला लिहिता-वाचता येत नाही, पण अख्खा हरिपाठ पाठ आहे. संध्याकाळी मी पुस्तकातून वाचताना चुकले तर ती डोळे मिटूनच थांबवते. ती एवढंच विचारते, ‘तिकडं एकादशीला काय खाशील?’ अर्जात मी हिंदू आहे हे लिहावं की लिहू नये? मासला जावं लागेल का? मला खरंच तिथे जावंसं वाटतंय, पण जाण्यासारखं आहे का तेच कळत नाही.’

प्रिय सांगलीकर मुली,

तुझ्या आईच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण त्याचं उत्तर मिळेपर्यंत घरात बाकी कशावर बोलणंच होणार नाही.

नाही, धर्म बदलायला लावत नाहीत. होली क्रॉसमध्ये मिस्सेला, म्हणजे तू म्हणतेस त्या मासच्या प्रार्थनेला, हजेरी लागत नाही. कॅम्पसवर चॅपल आहे, रविवारी मिस्सा होते, ज्याला जायचं तो जातो. हे केवळ त्या कॉलेजच्या चांगुलपणावर अवलंबून नाही. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली काढलेल्या जाहीरनाम्यात स्वच्छ म्हटलंय की श्रद्धेच्या बाबतीत कुणावरही जबरदस्ती करता येत नाही. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९० साली कॅथलिक विद्यापीठांसाठी जे नियम घालून दिले, त्यांतही प्रत्येकाच्या सदसद्विवेकाच्या स्वातंत्र्याचा पूर्ण मान राखावा असं आहे. १७८९ साली स्थापन झालेलं जॉर्जटाऊन हे अमेरिकेतलं सर्वांत जुनं कॅथलिक विद्यापीठ. ते चालवणारा जेझुइट हा कॅथलिक पाद्र्यांचा संघच होली क्रॉसही चालवतो. त्या जॉर्जटाऊनने २०१६ साली हिंदू विद्यार्थ्यांसाठी पूर्णवेळ हिंदू पुरोहित नेमला. आईला हे सांग. आणि हेही विचार की तिच्या ओळखीतली कितीतरी मुलं कॉन्व्हेंटमध्ये शिकली, मुंबईच्या सेंट झेवियर्समध्ये प्रवेश मिळावा म्हणून पालक जीव टाकतात, त्यातली किती घरं ख्रिस्ती झाली?

पण इथे थांबू नकोस. ‘तिथे धर्म नावापुरताच असतो, काळजी नको,’ असं तुला कुणी सांगत असेल तर ते खरं नाही, आणि तेवढ्यावर समाधान मानून गेलीस तर तिथे तुझी निराशा होईल. अशा कॉलेजांत धर्म आणि तत्त्वज्ञान हे अभ्यासाचे विषय म्हणून सक्तीचे असतात. होली क्रॉसमध्ये तू बायोलॉजी घे नाहीतर अर्थशास्त्र, धर्माच्या अभ्यासाचा एक आणि तत्त्वज्ञानाचा एक विषय करावाच लागतो. शिवाय साहित्य, इतिहास, कला, परकीय भाषा. माझ्याकडे येणारी बरीच मुलं हे ऐकून विचारतात, ‘यातून सूट मिळते का?’ ज्यांना सूट हवी असते त्यांना मी दुसरं कॉलेज सुचवते. डिग्रीसाठी मोजायची किंमत म्हणून हे विषय ठेवलेले नाहीत. याच विषयांसाठी ते कॉलेज उभं राहिलंय.

आता ते तास असतात कसे? समज, पहिल्या वर्षीचा थिऑलॉजीचा, म्हणजे धर्मशास्त्राचा वर्ग आहे. वर्गात पंधरा-वीस मुलं, खुर्च्या गोलाकार मांडलेल्या. आदल्या आठवड्यात संत ऑगस्टीनच्या आत्मकथनातला दुसरा भाग वाचून यायला सांगितलेलं असतं. चौथ्या शतकात उत्तर आफ्रिकेत वाढलेला हा माणूस त्यात आपल्या सोळाव्या वर्षीची एक गोष्ट सांगतो. मित्रांबरोबर रात्री शेजारच्या झाडाची नासपती चोरली. भूक नव्हती. घरी त्याहून चांगली फळं होती. चोरलेली बरीचशी डुकरांपुढे टाकली. मग चोरली कशाला? एवढ्याशा चोरीवर तो पानंच्या पानं लिहितो, स्वतःला सोडत नाही. प्राध्यापक वर्गाला विचारतात: चोरीतली मजा चोरीतच होती, की मित्र बरोबर होते म्हणून होती? एकटा असता तर चोरली असती का? मुलं भांडायला लागतात. कुणी म्हणतं, पोरवयातल्या गोष्टीचा एवढा बाऊ कशाला. कुणी म्हणतं, नाही, वाईट मुद्दाम करण्यातच त्याला स्वतःचं स्वातंत्र्य दिसत होतं. पुढच्या आठवड्यात त्यावर चार-पाच पानांचा निबंध, आणि तो परत येतो तेव्हा समासात प्रश्नच प्रश्न: ‘हे तू कशावरून म्हणतेस? मजकुरात कुठे आहे?’

या वर्गात तुला ख्रिस्ती असावं लागत नाही. मजकूर नीट वाचलेला असावा लागतो. तुकोबांनी स्वतःच्या मनाची जी उलटतपासणी केली आहे, ती कानांवर पडत मोठी झालेली मुलगी या गोलात बसली, तर तिच्याजवळ बोलायला इतरांपेक्षा जास्तच असेल. हा वर्ग वाचताना तुला आत्ता मजा आली असेल, तर ‘जाण्यासारखं आहे का’ या प्रश्नाचं अर्धं उत्तर तुझं तुलाच मिळालं. कंटाळा आला असेल तर तेही प्रामाणिकपणे कबूल कर, त्यात कमीपणा काही नाही.

होली क्रॉसची एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. १८४३ साली सुरू झालेलं हे कॉलेज आजही फक्त पदवीपर्यंतच शिकवतं. विद्यार्थी तीन हजारांच्या आसपास. तिथे पीएचडीचे विद्यार्थी नाहीत, त्यामुळे मोठ्या विद्यापीठात पहिल्या वर्षाचे वर्ग जसे संशोधक विद्यार्थ्यांवर सोपवले जातात तसं इथे होत नाही. प्राध्यापक स्वतः शिकवतात, स्वतः वह्या तपासतात, आणि प्रयोगशाळेत हाताखाली मदतीला त्यांना पदवीचीच मुलं लागतात. बायोलॉजीच्या मुलीसाठी याचा अर्थ मोठा आहे. पहिल्या वर्षी ‘मॉन्टसेराट’ नावाची त्यांची योजना असते: वर्षभर एक छोटा चर्चावर्ग, आणि त्या गटातली मुलं होस्टेललाही एकाच इमारतीत. घरापासून एवढ्या लांब गेलेल्या मुलीला निदान ओळखीचे चेहरे लवकर मिळतात.

अमेरिकेत कॅथलिक कॉलेजं आणि विद्यापीठं मिळून दोनशेहून जास्त आहेत, आणि ‘कॅथलिक’ या एका पाटीखाली ती सगळी सारखी नसतात. तू एकाच नावावर अडून बसली आहेस, ते मला पसंत नाही. जेझुइटांच्या कॉलेजांत इतर धर्मांची आणि कुठलाच धर्म न मानणारी मुलं पुष्कळ असतात, वादविवादाला मोकळीक असते आणि समाजसेवेवर भर असतो. बेनेडिक्टाइन साधूंची कॉलेजं मठाला लागून असतात. मिनेसोटातलं सेंट जॉन्स हे मुलांचं आणि सेंट बेनेडिक्ट हे मुलींचं, अशी दोन कॉलेजं काही मैलांवर आहेत; वर्ग एकत्र भरतात, होस्टेलं वेगळी. आलेल्या पाहुण्याचं ख्रिस्तासारखं स्वागत करावं हा त्यांच्या संस्थापकाचा नियम, आणि तिथे शिकून आलेली मुलं त्याबद्दल आवर्जून सांगतात. सेंट जॉन्सच्या आवारातल्या हस्तलिखित ग्रंथालयाने केरळमधल्या जुन्या सिरियाक आणि मल्याळम पोथ्यांची छायाचित्रं जतन केली आहेत. इतिहासाची आवड असलेल्या मुलीने हे पाहून ठेवावं. ऱ्होड आयलंडमधलं प्रॉव्हिडन्स कॉलेज डॉमिनिकन संघाचं. तिथे पहिली दोन वर्षं प्रत्येकाला पाश्चात्त्य संस्कृतीच्या इतिहासाचा सलग अभ्यास करावा लागतो.

आणि मग कॅलिफोर्नियातलं थॉमस अक्वायनस कॉलेज. ते १९७१ साली सुरू झालं. तिथे विषय निवडायचाच नसतो. चारही वर्षं सगळ्यांना एकच अभ्यासक्रम, क्रमिक पुस्तकं नाहीत, मूळ ग्रंथच वाचायचे: युक्लिड, अॅरिस्टॉटल, अक्वायनस, न्यूटन. भूमितीतलं प्रमेय फळ्यापाशी उभं राहून मुलांनीच सिद्ध करून दाखवायचं. बहुतेक सगळी मुलं श्रद्धाळू कॅथलिक घरांतली, दिवसाची घडी प्रार्थनेभोवती बसवलेली, मुलामुलींच्या होस्टेलचे नियम कडक. मला त्या अभ्यासक्रमाबद्दल नितांत आदर आहे. पण तुला बायोलॉजीची प्रयोगशाळा हवी आहे, ती तिथे तुला पाहिजे तशी मिळणार नाही. म्हणून तुझ्यासाठी ते नाही, असं माझं मत.

हा फरक बाहेरून कसा ओळखायचा? माहितीपत्रकातली हसरी मुलं आणि लाल पानांची झाडं सगळीकडे सारखीच. सांगलीच्या सौद्यात खरेदीदार हळकुंड मोडून आतला रंग बघतो, मगच बोली लावतो, हे बाबांना माहीत आहे. तसं मोडून बघायचं ते सक्तीच्या विषयांची यादी. कुठले विषय, किती सत्रं, त्या वर्गात काय वाचायचं असतं, हे शोध. एखाद्या प्राध्यापकाचा अभ्यासक्रम मिळाला तर तो पूर्ण वाच. दुसरं, होस्टेलचे नियम. तिसरं, विद्यार्थ्यांच्या धार्मिक जीवनासाठी असलेल्या विभागाचं पान: तिथे इतर धर्मांच्या मुलांबद्दल एखादा शब्द तरी आहे की नाही. या तीन गोष्टी वाचल्यास की कॉलेजचा स्वभाव कळतो.

आता थोडं तुझ्या बाबांशी बोलते.

साहेब, ‘शेवटी बीएच ना’ हा तुमचा प्रश्न चुकीचा नाही. मुलीच्या चार वर्षांचा आणि तुमच्या कमाईचा हिशेब आहे, तो तुम्ही विचारलाच पाहिजे. अमेरिकेतल्या संसर्गजन्य रोगांच्या राष्ट्रीय संस्थेचे अनेक दशकं प्रमुख असलेले आणि कोविडच्या काळात रोज टीव्हीवर दिसणारे डॉ. अँथनी फाउची १९६२ साली याच होली क्रॉसमधून पदवीधर झाले. विषय होता ग्रीक-लॅटिन अभिजात साहित्य. डॉक्टरकीला लागणारे विज्ञानाचे विषय त्यांनी बरोबरीने केले. कॉलेजने २०२२ साली विज्ञान विभागाच्या इमारतींना त्यांचं नाव दिलं. आणि पाद्र्यांचं म्हणाल, तर मुलगी पुढच्या वर्षी बारावीत आनुवंशिकतेचे जे नियम शिकेल ते मटारांवर प्रयोग करून शोधणारा मेंडेल हा मठात राहणारा साधूच होता. लांब कशाला, मुंबईच्या झेवियर्समध्ये फादर ब्लाटर या जेझुइट वनस्पतिशास्त्रज्ञाने १९०६ साली सुरू केलेला वाळवलेल्या वनस्पतींचा संग्रह आहे. पश्चिम भारतातल्या झाडपाल्याचा अभ्यास करणाऱ्याला आजही त्याचे दरवाजे ठोठवावे लागतात.

पण एक गोष्ट फाउचींच्या उदाहरणामागे दडता कामा नये. मुलीने डॉक्टर व्हावं ही घरात कुणाची इच्छा असेल, तर हा रस्ता नाही. अमेरिकेत डॉक्टरकी पदवीनंतर सुरू होते, आणि परदेशी विद्यार्थ्यांना घेणारी तिथली वैद्यकीय महाविद्यालयं थोडी आहेत. भारतात डॉक्टर व्हायचं तर ‘नीट’ ही प्रवेशपरीक्षा द्यावी, हा सरळ मार्ग आहे. बायोलॉजी घेऊन संशोधनाकडे, सार्वजनिक आरोग्याकडे, पर्यावरणाकडे, विज्ञानलेखनाकडे, शिक्षणाकडे जायचं असेल तर मात्र अशा कॉलेजातून पुढच्या शिक्षणाचे मार्ग चांगले उघडतात. सध्याच्या नियमांनुसार पदवीनंतर बारा महिने तिथे काम करता येतं, विज्ञानाच्या विषयांना आणखी चोवीस महिने मिळू शकतात. त्यापुढच्या नोकरीच्या व्हिसाचे नियम वरचेवर बदलतात. तिकडच्या पगारातून फेडू असं म्हणून कर्जाचं गणित मांडू नका.

मुली, आता पैसे. या भागावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवते, कारण इथेच घरं अडचणीत येतात.

होली क्रॉससारख्या कॉलेजचा शिकवणी, होस्टेल, जेवण धरून वर्षाचा जाहीर खर्च ८० हजार डॉलरच्या पुढे आहे. डॉलर ९० रुपयांनी धरला तर वर्षाला ७२ लाख, चार वर्षांचे पावणेतीन कोटींच्या वर. विमान, विमा, थंडीचे कपडे वेगळे. हा आकडा बाबांना तूच सांग, आजच सांग. तो लपवून अर्ज भरायचा आणि प्रवेश मिळाल्यावर घरात बॉम्ब टाकायचा, असं करणारी मुलं मी पाहिली आहेत. त्या मे महिन्यात त्या घरांत जे रडणं होतं ते मला पुन्हा बघायचं नाही.

जाहीर खर्च सगळेच भरतात असं नाही. मदत मिळते, पण ती कशी मिळते ते समजून घे. काही कॉलेजं परदेशी मुलांचा अर्ज तपासताना ‘हिला किती मदत लागेल’ हे बघतात. म्हणजे जितकी जास्त मदत मागशील तितका प्रवेश अवघड. काही कॉलेजं गुणांवर ठरावीक शिष्यवृत्ती देतात, ती जाहीर खर्चाचा तुकडाच असते. काही जण परदेशी मुलांना जवळजवळ काहीच देत नाहीत. प्रत्येक कॉलेजच्या प्रवेश कार्यालयाला ईमेल करून सरळ दोन प्रश्न विचार: परदेशी विद्यार्थ्याने आर्थिक मदत मागितली तर प्रवेशाच्या निर्णयावर परिणाम होतो का? आणि प्रवेश दिलेल्या परदेशी विद्यार्थ्याची पूर्ण गरज तुम्ही भागवता का? ते नीट उत्तर देतात. उत्तर जपून ठेव. मदतीच्या अर्जासाठी बहुतेक ठिकाणी सीएसएस प्रोफाइल हा फॉर्म भरावा लागतो. त्यात बाबांचं उत्पन्न, अडतीचा हिशेब, घर, शेती, देणी सगळं येतं. दिवाळीच्या धावपळीत हे जमत नाही, सीएला आधीच सांगून ठेवा. आणि पहिल्या वर्षी मदत मागितली नाही तर पुढच्या वर्षी मागू, हा विचार करू नका. परदेशी मुलांना नंतर मदत देत नाहीत असं अनेक कॉलेजांचं धोरण आहे.

‘अर्ली डिसिजन’ नावाचा एक प्रकार असतो. नोव्हेंबरात एकाच कॉलेजला अर्ज, आणि मिळालं तर जायचंच असं लिहून द्यायचं. प्रवेशाची शक्यता त्यात वाढते हे खरं. पण मदतीचे आकडे दोन-तीन कॉलेजांकडून घेऊन तुलना करायची संधी जाते. तुमच्यासारख्या घराने ते करू नये, असं मला स्पष्ट वाटतं. जानेवारीच्या नेहमीच्या मुदतीत अर्ज कर. उत्तरं मार्चअखेरपर्यंत येतात, १ मेपर्यंत ठरवायचं असतं.

अर्जाचं वेळापत्रक आपल्या बोर्डाशी नीट जुळत नाही, म्हणून सांगते. कॉमन अॅप, म्हणजे अनेक कॉलेजांसाठी एकच असलेला ऑनलाइन अर्ज, १ ऑगस्टला उघडतं, तेव्हा तुझी बारावी सुरू होऊन दीड-दोन महिने झालेले असतील. जानेवारीत मुदत, त्याच सुमाराला प्रॅक्टिकल आणि पूर्वपरीक्षा, फेब्रुवारीत बोर्ड. म्हणजे निबंध दिवाळीपर्यंत लिहून झालेच पाहिजेत. होली क्रॉसमध्ये २००५ पासून एसएटी या प्रवेशपरीक्षेची सक्ती नाही, पण इंग्रजीची परीक्षा द्यावी लागेल. ती पावसाळ्यात उरकून टाक.

शिफारसपत्रं हा आपल्याकडचा दुखरा भाग. सर म्हणतात, ‘तूच लिहून आण, मी सही करतो.’ तू तसं करू नकोस. तुझ्याच शब्दांत तुझा निबंध आणि तुझ्याच शब्दांत सरांचं पत्र आलं तर वाचणाऱ्याला ते लगेच कळतं, आणि असं पत्र मुळात खोटंच असतं. सरांना वेळ मागून भेट. कॉलेज कसं आहे, तिथे मुलांना बोलावं-भांडावं लागतं, हे सांग. मग आठवण करून दे: कुठल्या तासाला तू कुठला प्रश्न विचारलास, कुठलं प्रॅक्टिकल फसलं आणि तू पुन्हा केलंस. सरांचं इंग्रजी साधं असलं तर साधं असू दे. ‘ही हुशार, शिस्तप्रिय व आज्ञाधारक आहे’ या वाक्यापेक्षा ‘ही एकदा तास संपल्यावर पाऊण तास थांबून माझ्याशी वाद घालत होती’ हे मोडक्या इंग्रजीत लिहिलेलं वाक्य तुझ्या कितीतरी जास्त कामाचं. लिंक सरांच्या ईमेलवर जाते, पत्र त्यांनीच चढवायचं असतं. तेवढ्यापुरती कम्प्युटरपाशी मदत कर आणि बाजूला हो. कौन्सेलर म्हणून प्राचार्यांचं नाव द्यावं लागेल. नववीपासूनच्या गुणपत्रकांच्या शिक्का मारलेल्या प्रती ऑफिसातून आत्ताच मागून ठेव, त्या एका फेरीत मिळत नाहीत.

आता तुझा मुख्य प्रश्न: हिंदू आहे हे लिहावं का? अर्जात धर्म सांगायची सक्ती नाही, सांगितला नाहीस तरी चालतं. पण तुझ्या पत्रात दडवण्यासारखं काही नाही, उलट सगळ्यात चांगलं तेच आहे. आजी डोळे मिटून बसली आहे, तुझ्या हातात हरिपाठाची पुस्तिका, तू एक शब्द चुकतेस आणि जिला अक्षरओळख नाही ती तुला थांबवते. हा तुझा निबंध आहे. ६५० शब्दांची मर्यादा असते, तेवढ्यात हे एकच मावेल आणि पुरेल. त्यात वारीचा सातशे वर्षांचा इतिहास कोंबू नकोस. ‘भारतीय संस्कृती महान आहे’ नको. ‘सर्व धर्म समान’ नको. पाठ असणं आणि वाचता येणं यांत काय फरक आहे, आजीला जे कळतं ते तुला वाचूनही कळत नाही का, याचा तुला खरोखर प्रश्न पडला असेल तर तो प्रश्न उत्तरासह किंवा उत्तराशिवाय मांड. जे कॉलेज चार वर्षं मुलांना जुने ग्रंथ बारकाईने वाचायला लावतं, त्यांना अशी मुलगी हवी असते.

‘आमचंच कॉलेज का?’ असा छोटा निबंध काही ठिकाणी मागतात. तिथे बहुतेक मुलं लिहितात, ‘तुमच्या कॉलेजची उज्ज्वल परंपरा आणि सर्वांगीण शिक्षण मला आकर्षित करतं.’ हे वाक्य कुठल्याही कॉलेजला पाठवता येतं, म्हणून ते वाया गेलं. तू असं लिही: ‘मला पेशीविभाजनही शिकायचंय आणि लॅटिनही, आणि या दोन्हींची परीक्षा एकाच आठवड्यात आली तर मला आनंद होईल. मी कॅथलिक नाही. सक्तीचा थिऑलॉजीचा विषय मी यादीत सगळ्यात आधी वाचला.’ अर्थात हे खरं असेल तरच. जेझुइटांचं मन राखायला त्यांची ब्रीदवाक्यं निबंधात पेरू नकोस. आणि ख्रिस्ती धर्माबद्दल नसलेली ओढ दाखवू नकोस. ज्यांनी आयुष्य श्रद्धेला दिलंय त्यांच्यापुढे खोटी श्रद्धा दाखवणं हा त्यांचाही अपमान आहे आणि आजीचाही.

राहण्याचं थोडक्यात. वूस्टर टेकड्यांचं गाव, कॉलेज टेकडीच्या उतारावर, बर्फ भरपूर, जिने भरपूर. शाकाहारी जेवण मेसमध्ये मिळतं, पण पहिल्या सत्रात जिभेला जड जाईल. आजीला सांग, एकादशीला उकडलेला बटाटा, फळं, शेंगदाणे, दही यांवर चांगला उपास होतो, आणि साबुदाणा भारतीय दुकानात मिळतो. गाडीने अर्ध्या-पाऊण तासावर अॅशलंडला श्री लक्ष्मी मंदिर आहे. बोस्टनच्या आसपास न्यू इंग्लंड मराठी मंडळ गणेशोत्सव करतं, मावसबहीण जवळ आहेच. ईस्टरआधीचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ येईल तेव्हा शुक्रवारी तिथेही मांस नसतं. वर्गातल्या मुलींना उपास का करता हे विचार, त्याही तुला विचारतील. तिथली खरी मैत्री बहुतेक अशाच बोलण्यातून होते.

एक मात्र कर. सगळे अर्ज समुद्रापलीकडे पाठवू नकोस. मुंबईचं सेंट झेवियर्स जेझुइटांनीच १८६९ साली सुरू केलं, ते आता स्वायत्त आहे आणि विज्ञान, कला दोन्ही तिथे उत्तम आहेत. चेन्नईचं लोयोलाही जेझुइटांचंच, स्टेला मॅरिस नन्सनी चालवलेलं मुलींचं कॉलेज. सायन्स आणि लॅटिन एकत्र तिथे मिळणार नाही, पण बायोलॉजी शिकून इतिहासाची व्याख्यानं ऐकत, संध्याकाळी ग्रंथालयात बसणारी मुलं झेवियर्समध्ये मी भरपूर पाहिली आहेत. खर्च अमेरिकेच्या तुलनेत नगण्य. पदवी इथे करून पुढच्या शिक्षणाला शिष्यवृत्तीवर बाहेर जाणं हा तुमच्या घरासाठी कदाचित जास्त शहाणपणाचा मार्ग ठरेल. तो दुय्यम आहे असं अजिबात समजू नकोस.

येत्या रविवारी यार्ड बंद असेल. बाबांबरोबर बस आणि एकच गोष्ट ठरवा: कर्ज न काढता, घर तारण न ठेवता, वर्षाला जास्तीत जास्त किती रुपये देता येतील. तो आकडा मला कळव. त्यावरून अमेरिकेतली कुठली कॉलेजं यादीत ठेवायची आणि कुठली आत्ताच काढून टाकायची ते आपण ठरवू; होली क्रॉस त्यात राहील की नाही, तेही तेव्हाच सांगेन.

तुझी,
ताई